प्रवासी की रहिवासी? एकट्याने परदेशी जाण्याविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकातील आवाहनाला प्रतिसाद म्हणून एकट्याने केलेल्या परदेशप्रवासाविषयी आणि परदेशातील नोकरीविषयी बरीच पत्रे आली. त्यांतील काही निवडक पत्रे संक्षिप्त करून, लिहिणाऱ्याची ओळख पटेल असा तपशील वगळून, येथे घेतली आहेत. ही पत्रे एकापाठोपाठ एक वाचताना एक गोष्ट लक्षात आली. विमान तेच, पासपोर्ट तोच आणि सूटकेसही तीच असल्यामुळे फिरायला जाणे आणि तिथे राहून पोट भरणे हे एकाच प्रकारचे धाडस आहे, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात पहिल्यात रोज काहीतरी नवे हवे असते, तर दुसऱ्यात तीच ती माणसे आणि त्याच त्या वाटा पुन्हा पुन्हा भेटाव्या लागतात. बहुतेक तक्रारींचे मूळ या गल्लतीत आहे, असे माझे मत झाले आहे. पहिल्या पत्रात तर ही गल्लत कोणीतरी मुद्दाम घडवून आणू पाहत आहे.

प्रश्न : परदेशातील एका हॉटेलात स्वागतकक्षात मला नोकरी मिळाल्याचे एका मध्यस्थाने कळवले आहे. सध्या पर्यटक व्हिसावर जा, तिथे पोहोचल्यावर महिनाभरात मालक कामाचा परवाना काढून देईल, असे तो म्हणतो. या कामासाठी त्याने मोठी रक्कम आगाऊ मागितली आहे. नेमणूकपत्र ईमेलने आले आहे. मी एकटीच जाणार आहे. काय करावे?
— एक वाचिका, वय २७

उत्तर : या व्यवहारात पडू नये. पर्यटक व्हिसा हा पाहुण्याचा परवाना असतो. त्यावर उतरून आपण कामाला लागलात, की मालक कितीही दोषी असला तरी पहिली अडचण आपलीच होते. पगार थकला, तास वाढवले किंवा ठरल्यापेक्षा वेगळेच काम गळ्यात मारले, तर कामगार खात्याकडे दाद मागायला जाताना हद्दपारीची धास्ती आपल्यालाच वाटते, आणि नेमक्या याच धास्तीवर असे मध्यस्थ आणि असे मालक जगत असतात. काही देशांत तिथे पोहोचल्यावर व्हिसाचा प्रकार बदलून घेता येतो, हे खरे आहे. परंतु नवा परवाना हातात पडेपर्यंत काम सुरू करण्याची मुभा सहसा नसते. शिवाय ‘फिरायला आले’ असे सीमेवर सांगणाऱ्या प्रवाशाच्या सामानात नेमणूकपत्र सापडले, तर त्याच विमानतळावरून परत पाठवले जाण्याची शक्यता मोठी असते. ज्याला खरोखरच माणूस हवा असतो, तो मालक परवान्याची प्रक्रिया आधी पूर्ण करतो आणि तिकिटाचे नंतर बोलतो.

आगाऊ रकमेविषयीही सांगायला हवे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या खासगी रोजगार संस्थांविषयीच्या १९९७ च्या करारातील (क्रमांक १८१) सातवे कलम असे सांगते, की भरती करणाऱ्या संस्थेने कामगाराकडून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे, पूर्ण वा अंशतः, कोणतेही शुल्क घेऊ नये. हा करार सर्व देशांनी स्वीकारलेला नाही आणि त्यात अपवादांनाही जागा आहे. तरी भरतीचा खर्च ज्याला माणूस हवा आहे त्याने करावा, हे त्यामागचे तत्त्व मोलाचे आहे. कर्ज काढून असा पैसा भरलेल्या माणसाला पुढे वाईट नोकरी सोडणेही परवडत नाही. सक्तीच्या श्रमाची जी ११ लक्षणे याच संघटनेने नोंदवली आहेत, त्यांत फसवणूक, कर्जाचे बंधन, वेतन रोखून धरणे आणि ओळखपत्रे काढून घेणे यांचा समावेश आहे. त्यामुळे पुढे कधीही, अगदी चांगल्या नोकरीतसुद्धा, ‘सुरक्षित राहावा म्हणून’ पासपोर्ट मालकाच्या कपाटात ठेवायला देऊ नये.

हॉटेल खरोखर अस्तित्वात असेल, तर त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरचा दूरध्वनी क्रमांक शोधून थेट मनुष्यबळ विभागाशी बोलावे. नेमणूकपत्रावर छापलेला क्रमांक वापरू नये, कारण तो उचलणारा माणूसही त्याच टोळीतला असू शकतो. करार हातात आला, तर सर्वांत आधी राहण्याच्या सोयीविषयीची ओळ वाचावी. ‘निवासाची व्यवस्था करण्यात येईल’ एवढेच लिहिले असेल, तर ती मोफत आहे की भाडे पगारातून कापले जाणार आहे, एका खोलीत किती जण राहतील आणि नोकरी सुटल्यावर खोली किती दिवसांत सोडावी लागेल, हे लेखी विचारावे. या ओळीवर जो टाळाटाळ करतो, तो पगाराच्या ओळीवरही करणार.

एक गोष्ट पुढच्या, खऱ्या संधीसाठी लक्षात ठेवावी. बऱ्याच देशांत कामाचा परवाना एकाच मालकाशी बांधलेला असतो. अमेरिकेत एच-१बी व्हिसावरील कर्मचाऱ्याची नोकरी गेली, तर नवी नोकरी शोधायला, व्हिसाचा प्रकार बदलायला किंवा आवराआवर करायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. एकट्या माणसाला या काळात घरभाडे भरायला मदत करणारा दुसरा पगार नसतो. म्हणून परतीचे तिकीट आणि दोन-तीन महिन्यांचा खर्च एवढी रक्कम, मालकाला हात लावता येणार नाही अशा खात्यात, निघण्यापूर्वीच बाजूला काढून ठेवावी.

प्रश्न : आमची २३ वर्षांची मुलगी नोकरी सुरू करण्याआधी दोन महिने एकटीच परदेशांत फिरायचे म्हणते. तिच्या वडिलांचा विरोध नाही, पण मला रात्रीची झोप लागत नाही. तिने दिवसातून तीन वेळा फोन करावा, अशी माझी अट आहे आणि ती तिला मान्य नाही.
— एक आई

उत्तर : आपली काळजी रास्त आहे, अट मात्र सोडून द्यावी. तीन फोनांपैकी एखादा फोन बॅटरी संपल्यामुळे, डोंगरात रेंज नसल्यामुळे किंवा ती चित्रपट बघत बसल्यामुळे हमखास चुकणार. मग आपण घाबरणार, ती चिडणार, आणि काही दिवसांनी खरोखर काही झाले तरी ‘नेहमीप्रमाणे विसरली असेल’ असे वाटण्याची पाळी येणार. त्याऐवजी रोज ठरलेल्या वेळेपर्यंत एक संदेश, एवढेच ठेवावे आणि तो आला नाही तर कोणी काय करायचे हे आधी ठरवावे. उदाहरणार्थ, बारा तास काहीच कळले नाही तर आपण तिच्या मुक्कामाच्या ठिकाणी फोन कराल, आणि तिथेही पत्ता लागला नाही तर त्या देशातील आपल्या दूतावासाशी संपर्क साधाल. हा क्रम कागदावर लिहून, मुक्कामाचे पत्ते आणि दूतावासाचे क्रमांक त्याखाली नोंदवून, तो कागद भिंतीवर लावावा. झोप यायला त्याचा तीन फोनांपेक्षा अधिक उपयोग होईल.

पहिल्या रात्रीपुरती मात्र अट घालावी. पहिल्या मुक्कामाची खोली आधीच आरक्षित असावी आणि विमान शक्यतो दिवसाउजेडी उतरणारे असावे. परक्या जागी पहिल्या रात्री झोप नीट लागत नाही, हा अनुभव सर्वांना असतो. ब्राउन विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्याचे एक कारण दिसले. नव्या ठिकाणच्या पहिल्या रात्री गाढ झोपेतही मेंदूचा डावा अर्धगोल उजव्यापेक्षा अधिक सावध राहतो आणि अनोळखी आवाजांना चटकन प्रतिसाद देतो. अशा अर्धवट झोपेनंतर दुसऱ्या दिवशी मोठे निर्णय घेऊ नयेत, लांबचा प्रवास करू नये आणि पैशांचा मोठा व्यवहार करू नये. सोबतीला कोणी असले तर एक जण दमल्यावर दुसरा नकाशा बघतो. एकटीने जायचे तर ही सवलत नाही, म्हणून पहिल्या दिवशी ठरवाव्या लागणाऱ्या गोष्टी घरूनच जितक्या ठरवून जाता येतील तितके बरे.

आता थोडे स्पष्ट बोलतो. आई-वडिलांची भीती बहुधा अनोळखी माणसांची असते. ती निराधार नाही, आणि पेय नजरेआड न ठेवणे, खोलीचा क्रमांक मोठ्याने न सांगणे, मन कचरले की शिष्टाचाराची पर्वा न करता तिथून उठून जाणे, हे तिला सांगायलाच हवे. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार ५ ते २९ या वयोगटात मृत्यूचे सर्वांत मोठे कारण रस्ते अपघात हे आहे, आणि प्रवासात आपण घरी कधी घेतले नसते असे धोके रस्त्यावरच घेतो : रात्रभर चालणारी भरधाव बस, हेल्मेट नसलेली भाड्याची स्कूटर, अनोळखी वळणे. दुचाकीचा परवाना नसताना ती चालवून अपघात झाला, तर प्रवास विमा बहुतेक वेळा हात वर करतो. तेव्हा विम्याच्या कागदपत्रांत दुचाकीविषयीचे कलम आणि रुग्णाला मायदेशी हलवण्याच्या खर्चाचे कलम ही दोन्ही तिच्याबरोबर बसून वाचावीत.

दूतावासाकडून काय अपेक्षा ठेवावी, हेही माहीत असावे. वाणिज्य दूतावासांविषयीच्या १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या ३६ व्या कलमानुसार परदेशी नागरिकाला अटक झाली, तर आपल्या दूतावासाला कळवण्याची मागणी करता येते, आणि हा हक्क त्याला विनाविलंब सांगणे स्थानिक अधिकाऱ्यांवर बंधनकारक असते. पासपोर्ट हरवला तर दूतावास आपत्कालीन प्रवासकागद देऊ शकतो, स्थानिक वकिलांची यादी देतो, घरी निरोप पोहोचवतो. तो हॉटेलचे बिल भरत नाही आणि तुरुंगातून सोडवूनही आणत नाही.

प्रश्न : पैसे वाचवण्यासाठी हॉस्टेलमध्ये रोज चार-पाच तास काम करून त्या बदल्यात मोफत राहावे, असा विचार आहे. पगार घेणार नसल्यामुळे पर्यटक व्हिसा चालेल ना?
— एक विद्यार्थी

उत्तर : पगार घेतला नाही म्हणजे काम केले नाही, असे बरेच देश मानत नाहीत. न्यूझीलंडचे नियम तर पैशांत मोजता येईल असा कोणताही लाभ मोबदल्यात धरतात आणि जेवण व निवास यांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. शेतावर राबून राहण्याजेवण्याची सोय मिळवण्याची पद्धत १९७१ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या ‘वूफ’ या उपक्रमामुळे जगभर पसरली. पण उपक्रम सद्हेतूने चालतो म्हणून सीमेवरील अधिकारी सूट देत नाही. आपले वय आणि नागरिकत्व बसत असेल, तर वर्किंग हॉलिडे व्हिसाचा मार्ग पाहावा. ऑस्ट्रेलियाने ही योजना १९७५ मध्ये सुरू केली. तिच्यात फिरणे आणि काम करणे दोन्ही कायदेशीर असते, आणि त्यामुळे पगार बुडवला गेला तर तक्रारही उजळ माथ्याने करता येते. ऑस्ट्रेलियातील फळबागांत नगावर मजुरी घेणाऱ्यांना एप्रिल २०२२ पासून किमान तासिक वेतनाची हमी मिळाली आहे, ही गोष्ट तिथे जाणाऱ्या अनेकांना ठाऊकही नसते.

प्रश्न : चार महिन्यांपूर्वी नोकरीसाठी एकटाच परदेशात आलो. पहिला महिना सहलीसारखा गेला. आता शनिवार-रविवार खोलीबाहेर पडावेसे वाटत नाही. ऑफिसात सगळे हसून बोलतात, पण संध्याकाळी सहानंतर कोणालाही माझी आठवण होत नाही. दुकानात पैसे देताना मागे रांग असली की सामान पिशवीत भरताना हात थरथरतात. घरी सगळे छान आहे असे सांगतो, आणि मित्र माझी छायाचित्रे पाहून हेवा वाटतो म्हणतात. माझा निर्णय चुकला का?
— एक वाचक, वय ३१

उत्तर : निर्णय चुकला की नाही, हे चौथ्या महिन्यात ठरवू नये, आणि रविवारी रात्री तर मुळीच ठरवू नये.

आपण जे लिहिले आहे, त्यात सर्वांत बोलकी गोष्ट रांगेची आहे. मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबेर्ग यांनी १९६० च्या आपल्या लेखात सांस्कृतिक धक्क्याचे कारण सांगितले, ते नेमके हेच : रोजच्या व्यवहारातल्या ओळखीच्या खुणा एकाएकी नाहीशा होणे. कधी हस्तांदोलन करावे, कधी नकार द्यावा, कोणाचे बोलणे गंभीरपणे घ्यावे आणि कोणाचे नाही, या शेकडो बारीक गोष्टी आपण मायदेशी विचार न करता करतो. परदेशात त्यांतील प्रत्येकीचा विचार करावा लागतो. संध्याकाळपर्यंत आपण कामाने दमता तेवढेच या विचारानेही दमता, आणि हा थकवा कोणाला दिसत नसल्यामुळे त्याची सुटी कोणी देत नाही.

नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेर्रे लिसगार्ड यांनी अमेरिकेत राहून आलेल्या दोनशे नॉर्वेजियन फुलब्राइट शिष्यवृत्तीधारकांच्या मुलाखतींवरून १९५५ मध्ये असे मांडले, की सहा महिन्यांपेक्षा कमी आणि अठरा महिन्यांपेक्षा अधिक राहिलेले लोक त्यामानाने चांगले रुळलेले होते, मधल्या काळातले मात्र नव्हते. सुरुवातीचा आनंद, मग घसरण, मग पुन्हा चढ, अशी ही वक्ररेषा तेव्हापासून परदेशी जाणाऱ्या प्रत्येकाला दाखवली जाते. मला ती फार विश्वासार्ह वाटत नाही. न्यूझीलंडमध्ये शिकणाऱ्या जपानी विद्यार्थ्यांचा वर्षभर पाठपुरावा करणारा एक अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आनंदाच्या पहिल्या टप्प्याचा मागमूसही सापडला नाही; सर्वांत कठीण काळ पोहोचल्यानंतर लगेचचा होता आणि पुढे अडचणी कमी होत गेल्या. तेव्हा ‘आता माझी घसरण सुरू आहे, अमुक महिन्यात चढ लागेल’ असे वेळापत्रक मनाशी धरू नये. काहींना तो काळ लवकर येतो, काहींना उशिरा, काहींना दोनदा.

माझ्या मते आपल्याला अधिक उपयोगी पडेल अशी आकडेवारी वेगळीच आहे. कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी नुकतेच दुसऱ्या ठिकाणी राहायला गेलेल्या प्रौढांचा आणि महाविद्यालयात नव्याने दाखल झालेल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास करून २०१८ मध्ये असा अंदाज मांडला, की केवळ ओळखीचे रूपांतर साध्या मैत्रीत व्हायला साधारण ५० तासांचा सहवास लागतो, मैत्री म्हणावी अशा नात्याला ९० आणि जिवलग मैत्रीला २०० तासांहून अधिक. एकत्र काम केल्याचे तास त्यात फारसे उपयोगी पडत नाहीत, हेही त्यांना दिसले. आता हिशोब करून पाहावा. एखाद्या व्यक्तीला आपण आठवड्यातून दोन तास भेटलात, तरी पहिल्या ५० तासांना सहा महिने लागतात. चार महिन्यांत आपला एकही मित्र झाला नाही, यात आपल्या स्वभावाचा दोष शोधण्याचे कारण नाही. तास भरलेले नाहीत, एवढेच.

म्हणून शनिवार-रविवारी नवी शहरे पाहायला जाण्याचा सल्ला आपल्याला कोणी देत असेल, तर तो सध्या बाजूला ठेवावा. नव्या शहरात भेटलेल्या माणसांबरोबरचे तास तिथेच संपतात. आठवड्यातील एक ठरलेला दिवस, एक ठरलेली जागा आणि तीच माणसे मिळतील, असे काहीतरी निवडावे : भाषेचा वर्ग, गायनवृंद, बॅडमिंटनचा गट, डोंगरभटक्यांची संस्था, स्वयंसेवकांची शनिवारची पाळी. पहिले तीन-चार आठवडे तिथेही कंटाळा येईल आणि आपण उपरे आहोत असे वाटेल. तरी जावे. किराणाही शक्यतो त्याच दुकानातून, त्याच वेळी, गर्दी नसताना आणावा. गल्ल्यावरची व्यक्ती चेहरा ओळखू लागली आणि एखादे वाक्य जास्तीचे बोलली, की हाताची थरथर कमी होते. मायदेशातून आलेल्या लोकांचा गट सापडला तर त्यात जायला संकोच करू नये. काही जण ‘आपलीच माणसे भेटायची तर इथे कशाला आलो’ असे म्हणून तो टाळतात, ते उगाच. दमलेल्या जिभेला आठवड्यातून एकदा स्वतःच्या भाषेत बोलता येणे ही चैन नव्हे.

घरी किमान एका व्यक्तीला खरे सांगावे. सर्वांना सांगण्याची गरज नाही; आईला सांगितले तर ती झोपणार नाही, असे वाटत असेल तर भावंडाला किंवा जुन्या मित्राला सांगावे. छायाचित्रांतले आयुष्य आणि खोलीतले आयुष्य यांतील अंतर एकट्यानेच सांभाळत राहणे हेसुद्धा दमवणारे काम आहे.

एक सूचना मात्र गांभीर्याने घ्यावी. उदासी, झोप न लागणे, भूक मंदावणे, कशातच रस न वाटणे हे दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज होत असेल, तर ते एकाकीपण म्हणून सोडून न देता डॉक्टरांना भेटावे. आरोग्य विम्यात मानसोपचाराचा खर्च येतो का, हे आजच पाहून ठेवावे. अनेक कंपन्या कर्मचाऱ्यांसाठी गोपनीय समुपदेशनाची सोयही ठेवतात आणि नव्या माणसाला ते कोणी सांगत नाही. जीव नकोसा वाटण्याचे विचार मनात आले, तर त्याच क्षणी त्या देशाच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा. युरोपीय संघाच्या सर्व देशांत तो ११२ आहे. परत येण्याचा पर्याय खुला आहेच. त्यासाठी सहा-आठ महिन्यांनंतरची एक तारीख ठरवावी, त्या दिवशी कोणत्या गोष्टी बदललेल्या असल्या तर थांबायचे हे आताच लिहून ठेवावे, आणि तोपर्यंत रोज सकाळी हा प्रश्न नव्याने उकरू नये.

प्रश्न : माझे सॉफ्टवेअरचे काम पूर्णपणे घरून चालते. वर्षभर दर आठवड्याला एक नवे शहर, अशी योजना आहे. पर्यटक व्हिसावर लॅपटॉप उघडून काम केले तर कोणाला कळणार? आणि कंपनीला सांगायलाच हवे का?
— एक वाचिका

उत्तर : कंपनीला सांगायलाच हवे, आणि बहुधा तिला न सांगताही कळेल, कारण आपण कोठून लॉगिन केले याची नोंद तिच्याकडे राहते. कंपनीचे नाक मुरडणे नेहमी आकसापोटी नसते. कर्मचारी परदेशात बसून काम करू लागला, की तिथला कर, सामाजिक सुरक्षेची वर्गणी, ग्राहकांच्या माहितीविषयीचे करार आणि अपघात विमा असे चारही बाजूंनी प्रश्न उभे राहतात.

‘१८३ दिवसांच्या आत असलो तर कर लागत नाही’ हे वाक्य अशा चर्चांत सर्रास ऐकू येते आणि ते अर्धेच आहे. दोन देशांतील बहुतेक करविषयक करार ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेच्या ज्या नमुन्यावर बेतलेले असतात, त्याच्या पंधराव्या कलमात तीन अटी आहेत : बारा महिन्यांच्या कोणत्याही कालावधीत १८३ दिवसांहून अधिक वास्तव्य नसावे, पगार देणारा मालक त्या देशातला नसावा, आणि पगाराचा बोजा मालकाच्या तिथल्या कायमस्वरूपी आस्थापनेवर, म्हणजे शाखेसारख्या कायमच्या ठिकाणावर, पडत नसावा. तिन्ही पाळल्या तरच सूट मिळते, तीही दोन देशांत तसा करार असेल तर.

व्हिसाचे नियम अलीकडे झपाट्याने बदलले आहेत. एस्टोनियाने ऑगस्ट २०२० मध्ये दुरून काम करणाऱ्यांसाठी खास व्हिसा सुरू केला, जो वर्षभरापर्यंतचा असतो. जपानने २०२४ मध्ये सहा महिन्यांचा तसाच परवाना आणला, पण तो ठरावीक देशांच्या नागरिकांपुरता आणि चढ्या उत्पन्नाच्या अटीसह. न्यूझीलंडने २७ जानेवारी २०२५ पासून पर्यटक व्हिसावरही परदेशी मालकाचे काम दुरून करायला परवानगी दिली. इतरत्र मात्र मौन आहे किंवा स्पष्ट मनाई आहे, त्यामुळे प्रत्येक देशाच्या सरकारी संकेतस्थळावर स्वतः पाहण्याला पर्याय नाही. युरोपातील शेंगेन क्षेत्रात, म्हणजे आपसांतील सीमांवर सहसा पासपोर्ट तपासणी न करणाऱ्या देशांच्या गटात, देश बदलला म्हणून दिवस नव्याने मोजले जात नाहीत. सगळे मिळून कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस, हाच नियम असतो. ऑक्टोबर २०२५ पासून तिथे प्रवेश आणि निर्गमनाची संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली असल्यामुळे पुसट शिक्क्यांच्या भरवशावर राहण्याचे दिवसही गेले.

कायदा बाजूला ठेवला तरी दर आठवड्याला एक शहर हा बेत मला पटत नाही. सोमवारी खोली सोडणे, मंगळवारी नवे सिमकार्ड, बुधवारी टेबल-खुर्चीच्या शोधात तीन कॅफे, गुरुवारी तोंडओळख झालेली माणसे आणि शनिवारी पुन्हा बस. यात काम नीट होत नाही आणि शहरही दिसत नाही. त्यातच ऑफिसची वेळ आणि स्थानिक वेळ यांत आठ-दहा तासांचे अंतर असले, तर दिवसा पर्यटक आणि रात्री नोकरदार अशा दोन पाळ्या होतात आणि झोपेला जागा उरत नाही. एका शहरात किमान चार-सहा आठवडे राहावे. खोली ठरवण्यापूर्वी मालकाकडून दृश्याचे नव्हे, टेबलाचे आणि खुर्चीचे छायाचित्र मागावे, आणि इंटरनेटचा अपलोड वेग मोजून पाठवायला सांगावे. व्हिडिओ बैठकीत अडकतो तो बहुधा अपलोड. ऑफिसच्या वेळेपासून तीन-चार तासांहून अधिक दूर जाऊ नये, हा नियम मी सर्वांत वर ठेवीन.

प्रश्न : चार वर्षे परदेशात एकटी राहून परतले. तिथे घरची आठवण यायची आणि इथे तिथली येते. कोणालाही माझ्या तिथल्या आयुष्याविषयी ऐकायचे नसते. दोन वाक्ये झाली की विषय बदलतो. हे मी कोणाला सांगू?
— एक वाचिका, वय ३५

उत्तर : परतणाऱ्याला होणारा हा त्रास जुना आहे. गुलाहॉर्न या संशोधक दांपत्याने १९६३ मध्येच दाखवून दिले, की परदेशात रुळताना जी घसरण होते, तशीच मायदेशी परतल्यावरही होते. परदेशी जाताना कठीण जाणार हे सर्वांना ठाऊक असते, म्हणून लोक तयारी करतात, निरोप देतात, विचारपूस करतात. परतणे हा मात्र शेवट समजला जातो, म्हणून त्याची तयारी कोणी करत नाही. शिवाय आपण नव्हतो त्या चार वर्षांत इथली माणसेही बदलली, त्यांच्याकडेही न सांगितलेल्या गोष्टी साचल्या आहेत. दोन वाक्यांनंतर विषय बदलणारी मैत्रीण कदाचित तिच्या गोष्टीसाठी जागा शोधत असेल. आधी तिला विचारून पाहावे.

आपले अनुभव ऐकणारी माणसे मात्र वेगळी शोधावी लागतील, आणि ती सापडतात : परतलेले इतर लोक, आता निघू पाहणारे तरुण, ती भाषा शिकणारे. तिथल्या एक-दोन मैत्रिणींशी महिन्यातून एकदा ठरवून बोलत राहावे. आणि इथे नव्याने ओळखी करायला हव्यात, हे थोडे अपमानास्पद वाटले तरी मान्य करावे. वर ज्या तासांचा हिशोब दिला आहे, तो जन्मगावालाही लागू पडतो.

प्रश्न : परतीची तारीख नक्की नाही. एकेरी तिकीट काढले तर अडवतात का?
— एक वाचक

उत्तर : अडवू शकतात, आणि बहुधा सीमेवरील अधिकाऱ्याच्या आधी विमान कंपनीच अडवते. प्रवेश नाकारलेल्या प्रवाशाला परत नेण्याची जबाबदारी आणि बऱ्याच देशांत दंडही तिच्यावर पडतो. म्हणून काउंटरवरील कर्मचारी ‘टायमॅटिक’ या माहितीसंचात त्या देशाच्या अटी पाहूनच बोर्डिंग पास देतो. पर्यटक म्हणून जाताना पुढच्या किंवा परतीच्या प्रवासाचे तिकीट मागणारे देश बरेच आहेत. कामाच्या किंवा दीर्घ मुदतीच्या व्हिसावर ही अट सहसा नसते, तरी व्हिसाची छापील प्रत हातात ठेवावी, कारण काउंटरवर मोबाइलमधील फाइल नेमकी तेव्हाच उघडत नाही. तारीख अनिश्चित असेल तर तारीख बदलता येईल असे किंवा पूर्ण परतावा मिळेल असे तिकीट काढावे. अंतर्जालावर मिळणारी बनावट आरक्षणे वापरू नयेत. त्यांवरचा आरक्षण क्रमांक तपासायला कर्मचाऱ्याला फारसा वेळ लागत नाही. पासपोर्टची मुदतही पाहून ठेवावी. प्रवेशाच्या दिवसापासून ती किमान सहा महिने शिल्लक असावी, असा बऱ्याच देशांचा आग्रह असतो, आणि नूतनीकरणाला लागणारे दिवस धरून हे निदान दोन-तीन महिने आधी तपासलेले बरे.